लिहिते होऊ या : पाठ केलेली आई



मागच्या अंकात आपण निबंधाची सुरुवात कशी करावी ते पाहिलं. त्यानंतर तुमची बरीच पत्रं आली. त्यातल्या अनेकांची तक्रार एकच : "सर, सुरुवात जमते हो, पण पुढे काय लिहावं तेच सुचत नाही!" आज त्याचाच विचार करू. त्यासाठी तुम्हाला वर्धा जिल्ह्यातल्या एका शाळेत घेऊन जातो.

देवळी तालुक्यातलं एक लहानसं गाव. कापूस वेचणीचे दिवस. आठवीच्या वर्गात मी फळ्यावर विषय लिहिला, 'माझी आई'. मुलं खूश! सोपा विषय. अर्ध्या तासात सगळ्या वह्या माझ्यापुढे आल्या आणि मी वाचायला बसलो. पाच-सहा वह्या वाचल्या आणि मी चक्रावलोच. या सगळ्यांची आई एकच की काय? प्रत्येक आई भल्या पहाटे उठत होती, सडा घालून रांगोळी काढत होती, मग देवपूजा, मग सर्वांना गरम गरम नाश्ता. प्रत्येक आई 'वात्सल्याचा सागर' होती. शेवटचं वाक्यसुद्धा सगळ्यांचं सारखं!

तुमच्या लक्षात आलंच असेल. निबंधाच्या पुस्तकातून पाठ केलेली आई होती ती.

मागच्या बाकावरच्या एका मुलाला मी विचारलं, "काल संध्याकाळी तुझी आई काय करत होती रे?"

तो म्हणाला, "कापूस वेचून आली होती. बोटाले तेल लावत होती."

"मग हे का नाही लिहिलंस?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, असं निबंधात थोडंच लिहितेत?"

दोस्तांनो, या प्रश्नाने मला त्या रात्री झोप लागली नाही. ज्या आईच्या हातचं खाऊन हा मुलगा शाळेत आला, ती आई त्याच्या निबंधात नव्हती. तिच्या जागी दुसरीच कुणीतरी बाई बसवली होती. आणि त्याला वाटत होतं, हेच बरोबर! आपली आई, आपलं घर, आपलं वावर यांची निबंधात बसायची लायकीच नाही, असं त्याच्या मनाने धरलं होतं. व्याकरणाच्या चुकीपेक्षा ही चूक फार मोठी, नाही का?

मी वर्गाला सांगितलं, "आज घरी जा. आईला तीन प्रश्न विचारा. ती सकाळी किती वाजता निघते आणि का? कामातलं कठीण काय? आणि तुम्हाला माहीत नसलेली तिची एक गोष्ट कोणती? उद्या फक्त अर्धं पान लिहून आणा. अवघड शब्द एकही नको."

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने आणलेलं अर्धं पान असं होतं :

'माझी माय पाचला उठते. भाकरी बांधून सहाला वावरात जाते. मी विचारलं, इतक्या लवकर काहून जातेस? ती म्हणाली, दव असते तोवर पऱ्हाटीचं पान ओलं राहते. ऊन चढलं की वाळल्या पानाचा चुरा होते आणि कापसाला चिकटते. काल तिनं ३६ किलो कापूस वेचला. बोंडाच्या टोकांनी तिच्या नखांच्या कडा सोलल्या आहेत. रात्री ती बोटांना तेल लावते. तेव्हा मी अभ्यास करत असतो. तिला माझी वही पाहायची असते, पण तेलाचा हात लागू नये म्हणून ती हात मागं धरते आणि मला म्हणते, पान उलट. माय सातवीपर्यंत शिकली हे मला माहीत नव्हतं.'

वर्गात वाचून दाखवलं. एरवी चुळबुळ करणारी पोरं गप्प झाली. यात 'वात्सल्य' हा शब्द कुठे आहे? नाही ना! पण तेलाचा हात मागे धरणारी ती माय डोळ्यांपुढून हलत नाही. यालाच म्हणतात लेखन.

आता गंमत पाहा. 'आधी बघा, करा, मग लिहा' ही युक्ती माझी नाही बरं का! ती याच जिल्ह्यात फार पूर्वी सांगितली गेली. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात एक शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष होते महात्मा गांधी. गांधीजींचं म्हणणं असं की, मुलांचं शिक्षण मातृभाषेतून व्हावं आणि हाताने करायच्या एखाद्या उपयोगी कामाभोवती ते उभं राहावं. मग डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने अभ्यासक्रम तयार केला. (हेच झाकिर हुसेन १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले.) या शिक्षणाला नाव पडलं 'नई तालीम'. आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्याने सेवाग्रामला हे काम अनेक वर्षं चालवलं.

नई तालीममध्ये 'समवाय' नावाची एक कल्पना होती. तिचा अर्थ सोपा आहे. समजा, मुलगा टकळीवर सूत काततो आहे. किती तार कातले ते मोजलं की झालं गणित. हा कापूस कुठल्या मातीत येतो? झाला भूगोल. पूर्वी आपलं कापड कुठे जात होतं? झाला इतिहास. आणि आज काय केलं, काय चुकलं, धागा का तुटला, हे नीट लिहून काढलं की झाली भाषा! म्हणजे लिहायला काय सुचत नाही, ही अडचणच नाही. ज्याने सकाळी दहा वेळा धागा तुटताना पाहिला, त्याच्याजवळ सांगण्यासारखं असतंच. सेवाग्रामला आजही 'आनंद निकेतन' ही नई तालीमची शाळा आहे. तिथली मुलं अभ्यासाबरोबर बागेत आणि स्वयंपाकघरातही काम करतात.

सेवाग्रामची आणखी एक गोष्ट सांगतो. या गावाचं जुनं नाव शेगाव. पण बुलढाणा जिल्ह्यातही एक शेगाव आहे, गजानन महाराजांचं. त्यामुळे गांधीजींची पत्रं भलत्याच शेगावला जाऊ लागली! शेवटी १९४० साली गावाचं नाव सेवाग्राम झालं आणि पत्रं नीट पोहोचू लागली. आपल्या वाक्यांचंही असंच असतं. 'माझी आई फार प्रेमळ आहे' हे वाक्य कुणाच्याही आईकडे जाऊ शकतं. 'तेलाचा हात मागे धरते' हे वाक्य बरोबर एकाच घरी पोहोचतं. पत्ता नेमका हवा!

आईवरचं मराठीतलं सर्वांचं लाडकं पुस्तक कोणतं? 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातली आई आठवा. ती श्यामवर माया करते, पण पोहायला जायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला फटकेही देते. निबंधाच्या पुस्तकातली आई कधी फटका देते का? म्हणूनच ती खरी वाटत नाही. गुरुजींनी मोठमोठी विशेषणं लावून आई थोर केली नाही. एकेक प्रसंग सांगितला, आणि ती आपोआप थोर झाली.

आता तुम्ही विचाराल, "सर, हे सगळं ठीक, पण परीक्षेत मार्क मिळतील का?" प्रश्न रास्त आहे. खरं सांगतो, पाठ केलेल्या निबंधालाही मार्क मिळतात. पण तपासणाऱ्याच्या पुढे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असतो. त्यात तेच ते 'वात्सल्याचे सागर' वाचून तो कंटाळलेला असतो. अशात एखादं खरं वाक्य आलं की तो सावरून बसतो. मात्र खरं लिहायचं म्हणजे कसंही लिहायचं असं नाही हं! शुद्धलेखन हवं, परिच्छेद हवेत, एका परिच्छेदात एकच मुद्दा हवा. आणि बोलीचं काय? निबंधाची भाषा प्रमाण ठेवा. पण आई बोलते ते तिच्याच शब्दांत येऊ द्या. 'काय करून राहिला रे?' असं म्हणणाऱ्या आईच्या तोंडी 'बाळा, तू काय करीत आहेस?' घातलं, तर ती दुसऱ्याच घरची वाटेल.

गोष्ट लिहितानाही हाच नियम. फक्त गोष्टीत एक अडचण लागते. तुमच्या गोष्टी मी वाचतो ना! घनदाट जंगल, अंधारी गुहा, राक्षस, आणि शेवटी 'तेवढ्यात आईने हाक मारली आणि मी झोपेतून जागा झालो'. अरे, राक्षसाला घाबरून पळालात की! त्यापेक्षा कापसाच्या काट्यापाशी उभे राहा. एक मुलगा आईबरोबर आला आहे. आईचं गाठोडं काट्यावर चढतं. मुलाला दिसतं की मोजणाऱ्याने वजन कमी सांगितलं. आईला ते कळलेलं नाही. बोलावं, तर उद्या तिला काम मिळेल का? गप्प बसावं, तर? बघा, राक्षस नाही, गुहा नाही, तरी पुढे काय होतं ते कळल्याशिवाय तुम्ही पान मिटणार नाही. कुणाला काहीतरी हवं असतं, वाटेत अडचण येते आणि त्याला ठरवावं लागतं. झाली गोष्ट!

तर आता तुमचा गृहपाठ. एक पोस्टकार्ड घ्या. घरातल्या एका माणसाला तेच तीन प्रश्न विचारा. मग त्या माणसाबद्दल कार्डावर मावेल एवढंच लिहा. जागा कमी म्हणजे निवड करावीच लागेल. 'प्रेमळ', 'थोर', 'मायाळू' हे शब्द बंद! ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांनी निदान प्रश्न तरी विचाराच.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. त्या मुलाला मी विचारलं, "तू घरी प्रश्न विचारलेस तेव्हा माय काय म्हणाली?"

तो म्हणाला, "आधी हसली. मंग म्हणाली, आजवर कोणी विचारलंच नाही. मंग लय वेळ बोलत राहिली."

तुमच्याही घरी कुणीतरी असं थांबलेलं असेल. विचारून तर पाहा!

पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर, लिहिते राहा.