आगी मोजल्या, धूर राहिला

पंजाबात २०२० साली भाताचा पेंढा जाळण्याच्या ८३,००२ घटना नोंदल्या गेल्या, २०२४ मध्ये १०,९०९. हायसं वाटावं असेच आकडे. यंत्रं आली, जाळणं कमी झालं, हे खरंच आहे. पण धूरही तेवढाच घटला, असं मानणं भाबडेपणाचं ठरेल.

या नोंदींसाठी वापरले जाणारे प्रमुख उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून जातात. २०२४ मध्ये नासाचे हिरेन जेठवा यांनी दक्षिण कोरियाच्या भूस्थिर उपग्रहाची चित्रं तपासली, तेव्हा शेतं त्यानंतर, दुपार उलटल्यावर पेटत असल्याचं दिसलं.

धुराचा हिशेब करायची रीत १९८० मध्येच झायलर आणि क्रुट्झेन यांनी घालून दिली. जळालेलं क्षेत्र, हेक्टरी सुका काडीकचरा, त्यातला प्रत्यक्ष जळालेला हिस्सा आणि किलोमागे निघणारं प्रदूषक, या चार आकड्यांचा गुणाकार. एक आकडा दुपटीने चुकला की उत्तरही दुपटीने चुकतं. शेवटचा आकडा सर्वांत निसरडा. तोच पेंढा ओलसर असला, धुमसत राहिला, तर भडकून जळण्यापेक्षा कितीतरी जास्त कार्बन मोनॉक्साइड आणि सूक्ष्म कण सोडतो. उपग्रहाला मात्र सहज दिसते ती भडकलेली आग.

कोकणातली भाजावळ पाहावी. रोपांच्या जागेवर शेण, कवळ, पातेरा, गवत रचून वर माती पसरतात आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात, म्हणजे हा रचलेला राब सावकाश भाजतो. भडका नाहीच, वाफाही लहान. असे कित्येक राब नोंदीतून निसटत असणार. शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवण्यासाठी हे मोजायचं नाही. त्या धुरात सर्वांत आधी उभा राहतो तोच.

उसाचं तर मोठंच प्रकरण आहे. तोडणीनंतर हेक्टरी ८ ते १० टन पाचट रानात उरतं आणि खोडव्याआधी अनेक ठिकाणी त्याला काडी लावली जाते. कोल्हापूर, सांगली, सोलापूर ही शहरं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहेत. त्यांच्या आराखड्यांत भोवतालच्या पाचटाचा धूर टनांत, जिल्हावार आणि महिनावार यायलाच हवा. पिकाखालचं क्षेत्र ई-पीक पाहणीत नोंदलं जातंच. खोडव्याच्या नोंदीत पाचट जाळलं, कुट्टी केली की सरीत दाबलं, हा एक रकाना वाढवावा. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी मोजक्या रानांत जळण्याआधीचं आणि नंतरचं वजन घ्यावं. प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यावरून काढलेला अंदाज, चुकीच्या शक्यतेसह, दर हंगामाअखेर जाहीर करावा. येत्या गाळप हंगामात निदान या तीन जिल्ह्यांत तरी हे काम सुरू व्हावं.