एकशे साठाव्या क्रमांकाचे मोल

देशपातळीवरील प्रवेश परीक्षेत शेजारचा मुलगा १६० वा आला, तर आपल्या वसाहतीत पेढे वाटले जातात. मार्च २०२० मध्ये अंकिता रैना टेनिस एकेरीच्या जागतिक क्रमवारीत १६० व्या स्थानी पोहोचली, तेव्हा मात्र आपला प्रश्न एकच होता : ग्रँड स्लॅम कधी जिंकणार? क्रीडासंस्कृतीच्या आपल्या गप्पा किती पोकळ आहेत, हे सांगायला एवढे पुरेसे आहे.

अंकिताचा जन्म १९९३ चा, अहमदाबादचा. किशोरवयातच घर सोडून ती पुण्याला आली आणि हेमंत बेंद्रे यांच्याकडे शिकू लागली. पुढे २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिने एकेरीचे कांस्यपदक मिळविले. सानिया मिर्झानंतर हा मान मिळविणारी ती दुसरी भारतीय महिला.

या क्रमांकावरचे जीवन कसे असते? ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत १२८ खेळाडू असतात; त्यांपैकी १०४ जणींना क्रमवारीच्या बळावर थेट प्रवेश मिळतो. त्यांच्या मागे असणाऱ्यांनी आधी पात्रतेचे तीन सामने जिंकावयाचे, तेव्हा कुठे १६ जणींना दार उघडते. जानेवारी २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियन स्पर्धेची पात्रता फेरी महामारीमुळे दुबईत झाली. अंकिता तिसऱ्या, म्हणजे निर्णायक सामन्यात हरली. तरीही, कुणी ऐनवेळी माघार घेतली तर जागा मिळेल या आशेवर तिने मेलबर्न गाठले आणि १४ दिवसांचे विलगीकरण सोसले. एकेरीत जागा मिळाली नाही. दुहेरीत मात्र मिळाली, आणि पुढच्याच पंधरवड्यात मेलबर्नमध्येच कामिला राखिमोवा हिच्या साथीने फिलिप आयलंड करंडक जिंकून ती दुहेरीच्या पहिल्या शंभरांत दाखल झाली. आशेवर केलेला खर्च या वेळी फळला. दरवेळी फळतोच असे नाही.

टेनिसपटूला पगार नसतो, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. विमानभाडे, निवास, प्रशिक्षकाचे मानधन हे सारे तिनेच पाहावयाचे. खालच्या स्तरावरील स्पर्धेत एकूण बक्षीस १५ हजार डॉलरचे, आणि तेही साऱ्या खेळाडूंत वाटले जाणारे. पहिल्या फेरीत हरणाऱ्या मुलीचे परतीचे भाडेही त्यातून सुटणे कठीण. गुण मिळवायचे तर परदेशी जावे लागते, परदेशी जायचे तर पैसा लागतो, आणि पुरस्कर्ते येतात ते गुण मिळाल्यावर! या चक्रात किती गुणी मुली विशीतच रॅकेट ठेवून देतात, याची मोजदाद कोण करतो?

उपाय अगदीच अज्ञात नाही. डेक्कन जिमखान्यासारख्या संस्थांनी पुण्यात महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरविल्या आहेत. घरच्या मैदानावर मिळालेल्या गुणांना विमानाचे तिकीट लागत नाही. अशा स्पर्धा वर्षाकाठी चार-सहा गावांत व्हाव्यात, बक्षिसाची रक्कम वाढावी, यासाठी उद्योजकांनी थैली सैल करावयास हवी. आणि प्रेक्षकांतील रिकाम्या खुर्च्यांचे काय? त्या भरण्यासाठी कुणा पुरस्कर्त्याची वाट पाहावी लागत नाही.