नेतृत्वाची पहिली पायरी

हिंगणघाट तालुक्यातील वडनेरच्या परिसरात कपाशीवर फवारणी करणारे आणि कापूस बाजारात नेणारे हात बहुधा तरुणांचे असतात. मात्र शेतकऱ्यांच्या संस्थांत निर्णय घेताना हे हात क्वचितच वर होताना दिसतात. तरुणांना सार्वजनिक कार्याची आवड उरलेली नाही, असे त्याचे कारण सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे.

सेवा सहकारी संस्थेचे सभासदत्व जमिनीशी निगडित असते आणि सातबारा वडिलांच्या नावावर असतो. जो सभासद नाही, त्याला संस्थेत मत नाही आणि उमेदवारीही नाही. १९६३ च्या कायद्याखालील बाजार समितीत तर ११ संचालक या सेवा संस्थांचे संचालकच निवडून देतात. पहिलेच दार बंद असेल तर पुढची दारे उघडणार कशी?

जमीन हातची गेली तर म्हातारपणी विचारील कोण, ही वडिलांची भीती अनाठायी नाही. परंतु सारी जमीन देण्याचे कारणच नाही. सभासदत्वापुरता तुकडा पुरेसा आहे. १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ची हाक दिली, तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी पत्नीच्या नावे जमीन करून दिलीच होती. तोच उदारपणा आता मुलामुलींच्या बाबतीत दाखविला पाहिजे. तरुणांनी पुढे यावे, असा उपदेश करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आधी तलाठ्याकडे जावे, हेच इष्ट!