स्वतःच्याच गोलात!

आग्नेय आशियातल्या देशांची एक फुटबॉल स्पर्धा असते. १९९६ साली 'टायगर कप' या नावाने सुरू झालेली. आपल्याकडे ती फारसं कोणी बघत नाही. पण तिच्यातली १९९८ची एक मॅच तमाम मॅनेजर मंडळींना सक्तीने दाखवावी, असं माझं प्रामाणिक मत आहे.

हो ची मिन्ह सिटी, थायलंड विरुद्ध इंडोनेशिया. दोघेही सेमीफायनलला आधीच पोचलेले. गटात पहिल्या आलेल्याने हनोईला जाऊन यजमान व्हिएतनामशी खेळायचं, दुसऱ्याने इथेच थांबून सिंगापूरशी. आता सांगा, जिंकायची हौस कोणाला? बरोबरी झाली तरी इंडोनेशियाच पहिला येणार होता. म्हणून २-२ असताना, अगदी शेवटी, त्यांच्या मुर्सिद एफेंदीने चेंडू सरळ स्वतःच्याच गोलात मारला!

फिफाने दोन्ही संघांना दंड ठोठावला, मुर्सिदवर आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी आजन्म बंदी. ठीक आहे. पण हरण्यातच फायदा ठेवणारा नियम ज्यांनी केला, त्यांचं काय? सापडलेले बग मोजून अप्रेझल करा, लोक बग नोंदवणंच बंद करतील. माणूस बदलून हे सुटत नाही, नियम बदलावा लागतो. गटाच्या मॅच संपल्यावर चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या असत्या, तर हा प्रश्नच आला नसता.

असो. पुढे थायलंड व्हिएतनामकडून ०-३ हरला, इंडोनेशिया सिंगापूरकडून १-२. आणि कप? ज्यांना सोपं समजून हा सगळा खटाटोप झाला, त्या सिंगापूरनेच नेला!