बूट पायाच्या मापाचा हवा

लहानपणी पोलिओ झालेले अनेक जण आज कारखान्यांत राबतात. एक पाय आखूड असला की तयार सेफ्टी शूज जमत नाहीत. मग बुटांतून सूट दिली जाते किंवा बाहेरून जाड तळ बसवला जातो. दोन्ही धोक्याचेच. बुटाच्या पुढची पोलादी टोपी २०० ज्यूलचा, म्हणजे एक मीटरवरून पडलेल्या सुमारे २० किलो वजनाचा आघात झेलते. आत जाड थर घातला की बोटांवरची मोकळी जागाच घटते. त्यामुळे उंची उत्पादकाकडूनच वाढवून घ्यावी आणि बदलाचा तो प्रकार चाचणीत उतरलेला असावा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ ‘वाजवी सोयी’चे तत्त्व मानतो, तिचा खर्च कामगाराच्या माथी मारू नये.