डॉक्टरांना साहित्य शिकवा, पण जात वगळून नको

वैद्यकीय शिक्षणात कला आणि मानव्यविद्या हव्यात, असे आता सगळेच म्हणतात. इथे बंगळुरूत सेंट जॉन्स संस्थेने त्यासाठी स्वतंत्र विभाग काढला. देशभर २०१९च्या एमबीबीएस तुकडीपासून वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद शिकवणारा ‘एटकॉम’ अभ्यासक्रम लागू झाला. स्वागतच आहे. पण या तासाला जात हजर असते का? नसेल, तर उरतात फक्त शिष्टाचाराचे धडे. आणि गोड बोलून जात पाळणे इथल्या सवर्णांना नवे नाही.

एटकॉममध्ये विच्छेदनाच्या मृतदेहाला ‘पहिला गुरू’ म्हटले आहे. मग या गुरूचा पत्ताही विचारा. मुंबईचा १९४९चा आणि कर्नाटकचा १९५७चा शरीरशास्त्र कायदा बेवारस मृतदेह महाविद्यालयांना देण्याची सोय करतो. बेवारस कोण ठरतो? फुटपाथवर झोपणारा, पोटासाठी गाव सोडलेला, ज्याच्या घरच्यांना खबरही लागत नाही असा माणूस. शवागारात प्रेत उचलणारे, धुणारे, चिरणारे हात बहुतेकदा कोणत्या समाजाचे असतात, हेही सर्वांना ठाऊक आहे. प्रेताला वंदन करणाऱ्या विद्यार्थ्याला या हातांबद्दल काय शिकवले जाते?

दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांशी होणारा भेदभाव थोरात समितीने २००७ मध्येच नोंदवला. २०१९च्या मे महिन्यात मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्र शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. त्या तडवी भिल्ल समाजातल्या. जातीवरून छळ केल्याचा आरोप तीन वरिष्ठ डॉक्टर महिलांवर झाला, खटला उभा राहिला. रुग्णाशी कसे बोलावे हे शिकवताना सोबतच्या डॉक्टरशी कसे वागतो, हे कोण विचारणार?

म्हणून मागणी साधी आहे. स्त्रीरोग विभागात बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ वाचायला लावा. महारवाड्यातल्या बाळंतिणीची उपासमार आणि अडलेल्या बाईचे हाल त्यात आहेत. थोरात समितीचा अहवाल वर्गात चर्चेला घ्या. शवागारातल्या कर्मचाऱ्याला शिक्षक म्हणून बोलवा, त्याचे मानधन द्या. हे शिकवायला दलित, आदिवासी, बहुजन अभ्यासक नेमा.

एवढे करायची तयारी नसेल, तर मानव्यविद्येचे नाव तरी घेऊ नका. ज्या वर्गात जातीचा उच्चारही होत नाही, तिथे माणसाची ओळख कशी होणार?