चुलीवरची चव आणि वीसेक विटा

हल्ली आमच्या चिंचवडहून चाकणकडे निघालं की वाटेत 'चुलीवरची मिसळ', 'चुलीवरचं मटण' अशा पाट्याच पाट्या. आपणही जिभल्या चाटत आत शिरतो. पण चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांचं काय, हा प्रश्न बिल देताना काही सुचत नाही.

मला सुचला तो आईमुळे. गेल्या दिवाळीत गंमत म्हणून घरामागे तीन दगड मांडून आंघोळीचं पाणी तापवायला घेतलं. धूर उठताच आई पदर नाकाला लावून आत गेली. आजीचा तो कायमचा खोकला आणि पाणावलेले डोळे तिला आठवले असावेत.

मग रॉकेट चूल करून पाहिली. ही मूळची अमेरिकेतली, ओरेगॉनच्या 'अप्रोवेचो' संस्थेतल्या लॅरी विनियार्स्की यांची, १९८० च्या दशकातली. बांधकामातल्या उरलेल्या वीसेक भाजक्या विटा घेतल्या. (सिमेंटचे ठोकळे नकोत, तापून तडकतात.) चार विटा भिरभिऱ्यासारख्या मांडल्या की मधे पाच इंचांचं चौकोनी भोक राहतं. असे पाच थर, माती-सिमेंट काही नाही. खालच्या दोन थरांत एका बाजूला अर्धीच वीट, तेच तोंड. त्यावर लोखंडी पट्टी. तोंडात अर्ध्या उंचीवर पत्रा. वर काटक्या, खालून हवा. भांड्याखाली विटेचे तीन तुकडे, जाळ बाहेर पडायला.

पहिली पाच-सात मिनिटं धूर झालाच, कारण थंड विटा उष्णता पितात. मग मात्र जाळ भोकातून सरळ वर चढला, धूर आतच जळू लागला. जळण म्हणाल तर मूठभर वाळक्या काटक्या!

यात शोध माझा काहीच नाही. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांची 'आरती' संस्था १९९६ पासून अशाच कामात आहे. सुधारित चुलींचा सरकारी राष्ट्रीय कार्यक्रमही होता, तो २००२ मध्ये बंद झाला. म्हणजे ज्ञान होतं, विटाही होत्या. माझं मत विचाराल तर नव्हती ती गरज वाटणं, कारण धूर खाणारे आणि भाकरी खाणारे वेगळे होते.

असो. आईने स्टूल ओढून चुलीशेजारी ठेवलं, बराच वेळ जाळाकडे बघत बसली. मग म्हणाली, "एवढंच होतं होय रे? मग हे तुझ्या आजोबांना का नाही सुचलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे?